फेमकेची मान

परत आल्यापासून मला भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: विमानात घोडा उभा राहतो की बसतो? भाजीवाली विचारते, बँकेतला शिपाई विचारतो, आणि माझ्या सख्ख्या जावेनं तर फोनवर ‘सुखरूप पोचलीस का’ म्हणायच्या आधी हेच विचारलं. उभा राहतो. झालं समाधान? हॉलंडपासून मुंबईपर्यंत चार पायांवर उभा राहतो. पण ती घोडी पोचली कशी, तिचं पुढं काय झालं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. त्याचा मला राग आहे, म्हणून न विचारता सांगते.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं वैरागच्या सरकारी दवाखान्यात गेली, म्हशी विण्याच्या बेतात असताना हात कोपरापर्यंत आत घालण्यात. आता निवृत्त होऊन सोलापुरात राहते. ओळखीतले एक अण्णासाहेब आहेत, चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा पाइपांचा कारखाना आहे आणि कारखान्यामागच्या जमिनीवर घोड्यांचा तबेला. त्यांनी मोबाईलवर कुठंतरी फ्रीजियन जातीची घोडी पाहिली. काळीभोर, पायांना केसांच्या झालरी, आयाळ गुडघ्याकडं लोंबणारी, आणि मान जन्मतःच उंच. अण्णांची झोप उडाली. आपल्या जिल्ह्यात असं जनावर कुणाकडंच नाही, एवढं एकच कारण त्यांना पुरेसं होतं.

“अण्णा, ही जात थंडीतली,” मी म्हटलं. “आपल्याकडं एप्रिलमध्ये रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं.”

“एसी बसवू की म्याडम. आपुन हाय की.”

“तिच्या पोटात बसवणार का एसी?”

“लई इनोदी बोलता तुमी,” असं म्हणून अण्णा हसले आणि मला पासपोर्ट आहे का ते विचारलं. घोडीबरोबर विमानात मालकाच्या बाजूची दोन माणसं येऊ शकतात, असं त्यांना समजलं होतं. डॉक्टर म्हणून मी आणि घोडीची देखभाल करणारा मोतद्दार म्हणून करीमभाई.

करीमभाई सोलापूर शहरातले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाल ठोकायचं काम. घोडेबाजारात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि त्यांचा पहिला शब्द मानेबद्दल असतो. आमच्याकडच्या बाजारात घोडा उभा करतात तो दोन्ही बाजूंनी दोर ताणून, मान वर बांधून. मान खाली सोडलेल्या घोड्याकडं गिऱ्हाईक वळूनही बघत नाही. मी हे लहानपणापासून बघत आलेय. बाजारात तासाभराचा प्रश्न असतो, म्हणून कधी बोलले नव्हते.

हॉलंड

जानेवारी होता. तिकडची थंडी म्हणजे कानात सुई टोचावी तशी. विमानतळाजवळच्या एका गावात घोडी ठेवली होती आणि आमची सोय त्याच तबेल्याच्या माळ्यावरच्या खोलीत होती. सकाळी नाश्त्याला पाव, त्यावर लोणी आणि लोण्यावर चॉकलेटची कणी. मोठी माणसं, मिशा असलेली, हे खाऊन कामाला जातात. दुपारी कच्चा मासा आणि कांदा. करीमभाईंनी ताटाला हात जोडले आणि पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. आमच्याबरोबर विमानात येणारी आनके नावाची एक बाई होती. घोडे घेऊन जगभर उडणं हाच तिचा धंदा. तिनं चटणी चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा हात पुढं केला. तेव्हापासून आमचं जमलं.

घोडीचं नाव फेमके. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती धुक्यात गवत खात होती. मान पार खाली. करीमभाई हिरमुसले. “बाई, ही मान कवा वर करती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पोट भरलं की करेल. पण ती दिवसभर खातच होती. तिकडं घोड्याला कुणी ओरडत नाही, शिट्टी मारत नाही, कुणी त्याच्यासमोर उभं राहून फोटोही काढत नाही. घोडी विकणारा शेतकरी शेवटच्या दिवशी आला, तिच्या कपाळाला कपाळ लावून थोडा वेळ उभा राहिला, आपल्या कुरणातल्या गवताचं एक पोतं आमच्या हवाली केलं आणि गेला. जायच्या आधी आनकेला एवढंच म्हणाला की हिला नवं पाणी आवडत नाही.

विमानतळावर घोडा चालत विमानात चढत नाही, हे तिथं समजलं. जमिनीवर एक मोठी पेटी असते, छत आणि दारं असलेली. त्यात घोडा उभा करतात, मधे फळी टाकून शेजारी दुसरा. फेमकेच्या शेजारी पुण्याच्या कुणाचातरी तांबडा घोडा होता. मग ती अख्खी पेटी यंत्रानं उचलून विमानाच्या पोटात सरकवतात. तिथं टीव्हीच्या खोक्यांच्या आणि फुलांच्या करंड्यांच्या रांगेत हे दोन जिवंत जीव.

पेटी उचलायच्या आधी करीमभाईंनी आपलं काम केलं. फेमकेचा दोर आखूड करून मान वर बांधली आणि अण्णांसाठी व्हिडिओ काढला. आनकेनं ते पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. तिनं स्वतः दोर सैल केला आणि मला सांगितलं ते मी करीमभाईंना जसंच्या तसं सांगितलं. घोडा दिवसातला बराच वेळ मान खाली घालून चरतो, आणि त्याच वेळी श्वासातली धूळ आणि शेंबूड नाकावाटे खाली गळून जातो. मान वर बांधली की तो आत उतरतो, फुप्फुसात. पेटीत गवताची धूळ, हवा कोंदलेली, प्रवास लांबचा. अशानं धडधाकट घोडे प्रवासानंतर न्यूमोनियानं मरतात.

“आमचे घोडे तर न्हाय मरत,” करीमभाई म्हणाले.

“तुमचे घोडे विमानात बसत नाहीत,” मी म्हटलं.

“बसत न्हाईत, उभे ऱ्हातात,” करीमभाई म्हणाले. तेव्हा मला हसू आलं होतं, ते आता आठवलं तरी चीड येते.

विमानात

मालवाहू विमानात हवाईसुंदरी नसते. वैमानिकांच्या खोलीमागं वरच्या मजल्यावर थोड्या खुर्च्या असतात आणि तिथून एक उभी शिडी खाली मालाकडं जाते. विमान वर चढताना आनके आणि मी पेटीपाशी जागच्या जागी पट्टा बांधून बसलो, ती घोड्यांशी सारखी बोलत. फेमकेनं चारही पाय फाकवले, अंग मागं रेटलं आणि डोळे मोठे करून उभी राहिली. पण उभी राहिली. नंतर ती गवत ओढायला लागली, तेव्हा माझ्याही जिवात जीव आला आणि आम्ही दोघींनी वर येऊन भाकरी खाल्ली.

मग करीमभाई खाली गेले, लेकीला बघून येतो म्हणाले. वैमानिकाच्या माणसानं त्यांना वर बोलावलं आणि ते येतात न येतात तोच विमान गदागदा हलायला लागलं. वैमानिकानं सगळ्यांना पट्टे बांधून जागेवर बसायला सांगितलं. शिडीवर पाऊल ठेवायचं नाही, कुठल्याही कारणानं नाही.

करीमभाईंनी खिशातून मोबाईल काढला. “बाई, देखो तो जरा, कैसी रानी दिसरई,” म्हणत स्क्रीन माझ्यापुढं धरली. फेमके होती. मान आभाळाला टेकल्यासारखी, दोन्ही दोर ताणलेले.

“दोर सोडला का नंतर?”

“सोडनार हुतो. तेवढ्यात वर बोलावलं की.”

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. वैरागच्या बाजारात बैल उधळल्यावर जे बोलतात, तेच बोलले. आनकेला सांगितलं तेव्हा ती पट्टा सोडून उठलीच, पण वैमानिकाचा माणूस शिडीच्या तोंडाशी उभा होता. त्यानं मान हलवली. त्याचंही बरोबर होतं. विमान असं आपटत होतं की खाली गेलेलं माणूस खोक्यांवर फेकलं गेलं असतं. मधूनच विमान शांत होई, आम्ही उठू लागू, आणि पुन्हा एक दणका बसे. खाली घोडी छताकडं तोंड करून धूळ गिळत उभी होती, आम्ही तिच्या डोक्यावर बसलो होतो आणि काही करता येत नव्हतं. करीमभाई मोबाईल मुठीत धरून बसले होते. एकदा मला म्हणाले, “बाई, मारू का हाक? वळखती ती आवाज.”

शेवटी परवानगी मिळाली तेव्हा आनके शिडीवरून जवळजवळ घसरतच गेली. फेमकेच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. दोर सोडला. मान हळूहळू खाली आली, आणि ती खोकली. कोरडा, खोलवरचा खोकला. मी तिच्या छातीला कान लावला, आत घरघर होती.

“याला विचार,” आनके मला म्हणाली, “पडसं झालेल्या माणसाला तुमच्याकडं असंच बांधून ठेवतात का?” मी विचारलं नाही. करीमभाईंना भाषा कळत नव्हती, पण त्यांना कळलं होतं.

पाणी पाजायला हवं होतं. बादलीतलं विमानातलं पाणी तिनं हुंगून सोडलं. आनकेनं त्यात सफरचंदाचा रस टाकला, बहुतेक घोडे त्यानं पितात म्हणे. तरी नाही. करीमभाई वर गेले आणि आपल्या पिशवीतला गुळाचा खडा घेऊन आले. हातानं चुरून पाण्यात विरघळवला आणि बादली शक्य तितकी खाली धरली. फेमकेनं जिभेनं चाटून पाहिलं आणि मग लांब घोट घेत प्यायली. त्यांनी पुढचा सगळा प्रवास तिथंच उभ्यानं केला, बादली हातात धरून. राग होताच, पण त्यांच्याशी भांडायचं मी तिथं थांबवलं.

मुंबई

बाहेरून आलेल्या घोड्याला इथं महिनाभर वेगळं ठेवावं लागतं. दुसऱ्याच दिवशी फेमकेला ताप भरला. तिथल्या डॉक्टरांनी जीव तोडून उपचार केले, मी शेजारी होते. करीमभाई तिला जमिनीवर गवत ठेवून चारत, गुळाचं पाणी पाजत आणि ती मान खाली घालून खोकली की “शाब्बास बेटी” म्हणत. नाकातून पिवळा घट्ट शेंबूड गळताना पाहून एवढा आनंद झालेली माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत.

अण्णांना फोन केला. म्हटलं, तिच्या फुप्फुसाला सूज आहे.

“आजारी हाय म्हनून कुनाला बोलू नका म्याडम,” अण्णा म्हणाले. “आन्‌ त्यो विमानातला व्हिडिओ करीमनं धाडला, लई भारी. पाच-पन्नास गुरुपवर टाकला. माझ्या वाढदिवसाला घोडी हितं पायजे बघा. फ्लेक्स छापाय दिलेत.”

घोडी जगेल का, हे त्यांनी विचारलं नाही. मी त्यांना ओरडून सांगितलं की ताप गेला तरी खोकला जायला वेळ लागेल, तिला धूळ चालणार नाही, गोंगाट चालणार नाही, आणि मान बांधली तर मी पोलिसांत जाईन. “व्हय व्हय,” अण्णा म्हणाले. ज्या माणसाचं ‘व्हय’ दोनदा येतं त्याच्यावर विश्वास ठेवू नये, एवढं मला सरकारी नोकरीनं शिकवलं आहे.

चिंचोळी

महिना संपला तेव्हा ताप गेलेला होता, खोकला राहिला होता. ट्रकमध्ये करीमभाई तिच्यापाशी बसले, दोर सैल ठेवून. वाटेत थांबून थांबून तिला पाणी दाखवलं. पुणे मागं पडलं, टेंभुर्णी गेली, मोहोळ गेलं. फेब्रुवारीतच ऊन रणरणत होतं आणि फेमके घामानं चिंब झाली होती. मी ड्रायव्हरशेजारी बसून मनातल्या मनात म्हणत होते की अण्णांनी निदान माझा मान राखलेला असू दे.

एमआयडीसीच्या फाट्यावर आम्हाला थांबवलं. समोर फ्लेक्स. त्यावर गॉगल लावलेले अण्णा आणि ‘महाराणीचे सहर्ष स्वागत’. महाराणी म्हणून छापलेला घोडा पांढराशुभ्र. कुणीतरी नेटवरून हाताला लागेल तो उचललेला. काळ्या घोडीसाठी देशोदेशींचं आकाश पालथं घातलं आणि फ्लेक्सवर पांढरा घोडा! त्याखाली एक जेसीबी, त्याचं तोंड झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेलं. आणि डीजे. तो सुरू झाला तेव्हा ट्रकचा पत्रा थरथरायला लागला.

मी उतरून अण्णांपर्यंत पोचेपर्यंत त्यांच्या माणसांनी फळी टाकून फेमकेला खाली घेतलं होतं. कपाळावर तुरा, आणि दोन्ही बाजूंनी गोंड्याचे रेशमी दोर, कच्चून ताणलेले. मान वर.

“अण्णा, नका बांदू,” करीमभाई ओरडत होते. “दम लागतोय तिला.”

“करीमभाई, तुमीच शिकवलं की आमाला,” अण्णा हसून म्हणाले. “खाली मान घातलेलं घोडं कोन बगतंय?”

करीमभाईंचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला. मी फेमकेच्या छातीला कान लावला. डीजेमुळं काही ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत होतं. श्वास वरवरचा, भराभर. पुढचे गुडघे लटपटत होते. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला होता. गुलाल उडत होता आणि तो सगळा तिच्या नाकाशी.

अण्णांना फुप्फुस कळत नाही, न्यूमोनिया कळत नाही. त्यांना काय कळतं ते मला एव्हाना माहीत झालं होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “अण्णा, घोडी आता पडणार. इथंच, तुमच्या फ्लेक्सखाली, वाढदिवसाच्या दिवशी. बघा किती मोबाईल वर आहेत. संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात जाईल.”

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. मग हात वर केला आणि डीजे बंद झाला.

दोराच्या गाठी घोडीच्या ओढीनं अशा आवळल्या होत्या की सुटेनात. करीमभाईंनी खिशातून खूर तासायचा सुरा काढला आणि दोन्ही रेशमी दोर कापले. अण्णा “अरे अरे” म्हणेपर्यंत गोंडे धुळीत पडले. पण फेमकेची मान खाली येईना. घाबरून, आखडून ती तशीच उभी राहिली, जणू दोर अजून आहेतच. करीमभाई ट्रककडं धावले. बादली आणली, गुळाचं पाणी केलं आणि बादली तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. बादलीच्या पलीकडं अण्णा उभे होते, हातात हार, पायांत नवे पांढरे बूट.

फेमकेनं वास घेतला. मान हळूहळू उतरली. एक पाय पुढं आला, डोकं जमिनीला लागलं आणि ती एवढ्या जोरात खोकली की आत साठलेलं सगळं नाकातून बाहेर आलं. ते पडलं अण्णांच्या बुटांवर.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “मुजरा केला! घोडीनं अण्णांना मुजरा केला!”

आणि उसळली की गर्दी. शिट्ट्या, टाळ्या. जेसीबीवाल्याला वाटलं हीच खूण, त्यानं सगळ्या पाकळ्या ओतल्या. अण्णांनी डोळ्यांना रुमाल लावला. “बगितलं का म्याडम? परदेशातलं जनावर, पन वळखलं मालकाला!”

माझ्या डोक्याच्या शिरा फुटायच्या बाकी होत्या. हा मुजरा नाही, हा शेंबूड आहे, ही घोडी तुमच्या हौसेपायी मरत होती, असं ओरडायला मी तोंड उघडलं. करीमभाई बादलीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी वर न बघता माझ्या पदराचं टोक ओढलं.

“बाई, गप ऱ्हावा,” ते म्हणाले. “पितीय ती.”

खरंच पीत होती. पाकळ्यांतून नाक घालून, लांब लांब घोट घेत. मी तोंड मिटलं. आयुष्यात एवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. तो व्हिडिओ फिरतोय, मागं गाणं लावून. मला रोज कुणीतरी पाठवतं आणि खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह. अण्णांनी तबेल्यात कूलर लावलेत, एप्रिल तोंडावर आहे आणि त्या विचारानं माझं डोकं आताच तापतं. पण खोकला गेला. कारण अण्णांनी तबेल्यातल्या सगळ्यांना सक्त ताकीद दिली आहे: महाराणीची मान कुणी बांधायची न्हाय, बांधली तर मुजरा कसा करंल? मी डॉक्टर म्हणून महिनाभर घसा फोडून जे सांगत होते, ते या कारणानं झालं.

परवा तपासायला गेले होते. पाहुणे आले होते. अण्णांनी खूण केली, करीमभाईंनी गवताची पेंढी फेमकेच्या पुढ्यात जमिनीवर टाकली. तिनं मान खाली घातली आणि खायला लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. करीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं.

वाजवू देत.